साठ सेंटिमीटर

चिबोम्बे, कामगार वसाहत
रविवार, १० मार्च २०१९

आदरणीय बाना कटोंगो,

गुडघे टेकून नमस्कार. तुमची पाठ आता बरी असेल आणि भुईमूग वेळेवर निघाला असेल, अशी आशा करते.

त्या सोमवारी शेगडी पेटवायला घेतली तेव्हा सहा वाजत आले होते. तीन दिवसांच्या पावसाने कोळसे ओलसर झाले होते, म्हणून मक्याची बुरकुंडं घालून फुंकत बसले. मलामाच्या शाळेच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, ते लावलं. पेज केली. तुमच्या भावाचे गमबूट दाराशी उलटे ठेवले होते, ते झटकून सुलटे केले. अंगण झाडण्यात अर्थ नव्हता, नुसता चिखल. मग टेबल पुसून माझं लिहायचं काम काढलं. तो उभ्याउभ्याच पेज प्यायला, साखर कमी आहे म्हणाला, टोपी घेतली आणि गेला. साडेसातला पंपावरचा येसाया सोको दारात येऊन ओरडला.

त्या सकाळबद्दल मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं. तुमच्या भावाच्या मयताच्या दिवसांत तुम्ही मला तीनदा विचारलंत, "तो त्या बांधावर काय करत होता?" तीनदा मी म्हटलं, ठाऊक नाही. चौथ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. चटई गुंडाळलीत आणि सुतक संपायच्या आधी कासामाची बस धरलीत. तेव्हापासून आपण बोललो नाही. चूक तुमची नव्हती.

फोनवर हे सांगता आलं नसतं. तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि सगळं अंगण ऐकतं. बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो पाकीट तुमच्या फाट्यावर देईल. तुमच्या मुलाकडून, कटोंगोकडून, वाचून घेऊ नका. स्वतः वाचा, सावकाश.

कटोंगो बुधवारी घरी पोचला असेल. कारखान्याला टाळं लागलं, नोकरी गेली, एवढं त्याने सांगितलं असेल. कुणामुळे लागलं ते सांगितलं नसेल, तुम्ही त्याला तसं वाढवलंत. माझ्यामुळे लागलं. त्याचं काम मी घालवलं, त्याच्या जुलैच्या लग्नाचा घोटाळा मी केला. का केला ते लिहिते. मला एक मागणंही मागायचं आहे. ते मी मधेच कुठेतरी मागून टाकीन, शेवटासाठी ठेवलं तर धीर होणार नाही.

आमची कामाची जागा तुम्ही कधी आतून पाहिली नाहीत. खाणींत वापरून झालेलं तेजाब, जुन्या बॅटऱ्यांचं पाणी, मुदत संपलेली कीटकनाशकं, जे कुणालाच नको ते टँकरने आमच्याकडे येतं आणि तळ्यांत नाहीतर पिंपांत ठेवलं जातं. असली जागा चालवायला सरकारचा परवाना लागतो आणि परवान्याबरोबर नियमांचं पुस्तक येतं. मी तिथे झाडूवाली म्हणून लागले तेव्हा ते पुस्तक ही जागा चालवणाऱ्या हामालाम्बो साहेबांच्या टेबलाच्या पायाखाली होतं, टेबल डुगडुगू नये म्हणून. मी तिथे विटेचा तुकडा सरकवला आणि पुस्तक जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचणं सुटलं नाही. साखरेच्या पुडीचा कागदही मी सरळ करून वाचते. ह्या पुस्तकाला शब्दकोश घेऊन पाच महिने लागले.

चांगलं पुस्तक आहे, बाना कटोंगो. ज्याने लिहिलं त्याला माणसं कशी मरतात ते नीट ठाऊक असणार. कुंपण किती उंच हवं, पिंपावर काय लिहावं, कुठली दोन पिंपं शेजारी ठेवायची नाहीत, सगळं आहे. धोक्याची पाटी आसपासच्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत हवी, असंही आहे. आमची पाटी इंग्रजीत होती. मी साहेबांना नियम दाखवला. तेही मला मलामाची आई म्हणूनच हाक मारतात.

"बाना मलामा," ते म्हणाले, "तू इथे झाडायला आलीस की मला झाडायला?"

पण पाटी झाली. आपल्या बेम्बा भाषेतला मजकूर मीच लिहिला. 'इथे तुझं काम नसेल तर आत येऊ नकोस, आलास तर घरच्यांना रडवशील.' टँकरवाले थांबून मोठ्याने वाचायचे आणि हसायचे.

पुस्तक असंही म्हणतं की रोजच्या तपासणीला एक नेमलेलं, शिकवलेलं माणूस हवं. त्याने रोज स्वतः फिरून बघावं, वहीत नोंद करावी आणि खाली सही करावी. साहेबांना ती जागा भरायचीच होती, त्यांनी मला दिली. तुमच्या भावाने त्या दिवशी कोंबडी कापली.

सगळ्यांत मोठ्या तळ्यात एक मोजपट्टी उभी आहे. तेजाबाची पातळी बांधाच्या माथ्यापासून निदान साठ सेंटिमीटर खाली असली पाहिजे. अंतर साठाहून कमी झालं की टँकर घेणं थांबवायचं आणि उपसा करायचा. कारण बांध मातीचा आहे. तळं भरलं की तो आतून भिजतो आणि वरून काही दिसत नाही.

नोव्हेंबरात पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा पट्टीवर अठ्ठावन्न दिसलं. मी अठ्ठावन्न लिहिलं. साहेबांनी वही परत माझ्यापुढे सरकवली.

"दोन सेंटिमीटर? दोन सेंटिमीटरसाठी मी खाणीचे टँकर माघारी धाडू? वाऱ्याने पाणी हललं असेल, नीट बघ."

मी साठ केलं. पुढच्या आठवड्यात एकावन्न होतं. साठ लिहिलं. मग त्रेचाळीस. साठ.

त्यानंतर मी बघायला जाणंच सोडलं. हे कुणाला पटायचं नाही, पण बघून आल्यावर खोटं लिहिताना हात जड व्हायचा. न बघता लिहिलं की वाटायचं, कोण जाणे, असेलही साठ. सोमवारी सकाळी घरीच बसून मी सबंध आठवड्याच्या नोंदी करून टाकायची. तीन पेनं होती, निळं, काळं आणि एक फिकं पडलेलं, म्हणजे एका बैठकीत लिहिलंय असं दिसू नये. तुमचा भाऊ पेज पिता पिता सांगायचा, "बुधवारला फिकं घे. बुधवारी तू कंटाळलेली असतेस." आम्ही दोघं हसायचो. हेच माझं लिहायचं काम.

मयताच्या दिवशी सोकोने काय केलं ते तुम्हाला आठवत असेल. त्याच्या न्गोनी जमातीच्या माणसाला आपल्या बेम्बांच्या मयतीत काहीही बोलायची मुभा, आपण रागवायचं नाही, उलट नाणं द्यायचं. त्याने ती मुभा पुरेपूर वापरली. खड्डा खणून झाला आणि हा त्यातच आडवा पडला.

"मी उठत नाही! ही माकडखाऊ जात मला नाणं देत नाही तोवर न्गोसाला दुसरीकडे झोपवा!"

"ऊठ रे उंदीरखाऊ," तुम्ही म्हणालात, "माझ्या भावाचं अंथरूण घाण करतोस!"

मग त्याने खड्ड्यातूनच माझ्याकडे बोट केलं. "ह्याला कुणी मारलं ठाऊक आहे का? ह्या बाईने! कोयत्याने नाही, पेनाने! साठ, साठ, साठ, आणि न्गोसा गेला!"

लोक पोट धरधरून हसले. तुम्हीही चितेंगेच्या पदराने डोळे पुसत हसलात आणि त्याच्या अंगावर एक क्वाचाचं नाणं टाकलंत. मीही हसले. हसले नसते तर लोकांनी माझ्याकडे बघितलं असतं.

आता ती सकाळ. उरलेली.

त्या सोमवारी लिहिताना गुरुवारपाशी माझा हात थांबला. मी म्हटलं, "तीन दिवस झोडपतोय. आता किती असेल कुणास ठाऊक." एवढंच म्हटलं. जा म्हटलं नाही. त्याने वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "तू बस. कामावर चढायच्या आधी मी बघून येतो. आपल्या दोघांत एकाला तरी खरा आकडा ठाऊक असू दे."

मी त्याला थांबवलं नाही. मला बरं वाटलं, बाना कटोंगो. कुणीतरी माझ्याऐवजी बघून येणार म्हणून बरं वाटलं. तो गेल्यावर मी गुरुवारपासून पुढचं पुरं केलं.

त्याचं काम गेटवर पिंपं मोजायचं. बांधावर त्याचं काही नव्हतं. बांध त्याच्या पायाखाली आतल्या बाजूला खचला. सोकोने आणि आणखी दोघांनी त्याला बाहेर ओढलं, सोकोच्या हातांवर अजून डाग आहेत. कंपनीच्या अहवालात लिहिलं आहे की कामगार परवानगीशिवाय, कमरेला दोर न बांधता, नेमलेल्या जागेबाहेर गेला, चूक कामगाराची. त्यात एक शब्द खोटा नाही. तो तिथे का गेला हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी तुम्हालाही सांगितलं नाही.

त्यानंतर साहेब चांगले वागले. शवपेटी दिली, ट्रक दिला, मक्याच्या पिठाची पोती दिली आणि भाचा आहे असं कळल्यावर कटोंगोला काम दिलं. तुम्हाला वाटलं असेल, भावाच्या जागी निदान मुलगा तरी लागला. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

चाळीस दिवसांनी मी कामावर गेले. तोवरचं साठही घरूनच लिहून धाडत होते. खचलेल्या जागी नवी माती टाकून वरून सारवल्यासारखं केलं होतं. मी पट्टीपाशी गेले आणि ह्या वेळी बघितलं. बावीस.

साहेब म्हणाले, "परवान्याची सुनावणी अठ्ठावीस फेब्रुवारीला आहे. तोवर साठ लिही. परवाना हातात पडला की उपसा लावतो, देवाशपथ."

मी साठ लिहिलं. रोज जाऊन बघत होते आणि रोज साठ लिहीत होते. आणि कटोंगोला त्यांनी त्याच बांधावर पाइप धरायला लावलं होतं. नव्या गमबुटांत तो वर चालायचा आणि मला हात करायचा. जेवताना मी त्याला म्हटलं, "तिथे जपून राहा, माती ताजी आहे." तो मक्याच्या न्शिमाचा घास कापेंटा मासळीच्या रश्शात बुडवत म्हणाला, "मामी, मामांचं वय झालं होतं. मी एका उडीत पलीकडे असेन." तुमच्यासारखाच हसतो तो, खालचा ओठ दाबून.

मी सोकोकडे गेले. तो पंपाचं झाकण उघडून बसला होता.

"मयतीत बोललास ते थट्टेतच का?"

"तू बेम्बा, मी न्गोनी. आपल्यात थट्टेशिवाय दुसरं काय असतं?"

"सुनावणीत तेच बोलशील?"

"तिथे बोललं की ती साक्ष होते, बाना मलामा. थट्टा केली की नाणं मिळतं, साक्ष दिली की घरी पाठवतात." झाकण लावून त्याने हात पुसले. "मला पाच आहेत. तुला एकच आहे." हे तो थट्टेत बोलला नाही.

ती एकच, तिच्यासाठीच मागणं आहे. खोट्या नोंदीचा गुन्हा सही करणाऱ्यावर लागतो, पुस्तकात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते पान पहिल्याच वर्षी वाचलं होतं. पोलीस अजून आले नाहीत, येतील. आपल्यात मूल आईच्या कुळाचं असतं, तुम्ही मलामाचं काही देणं लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आईच्या कुळात आता एकही बाई जिवंत नाही. मला आत ठेवलं तर मलामाला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? ती नववीत आहे, भांडी न सांगता घासते, उलट बोलते पण नंतर तिलाच वाईट वाटतं. तिला मी हे सगळं सांगितलं आहे. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, तुरुंगात पुस्तकं देतात का. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजेन.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. परवाना नवा करायचा तर गावासमोर विचारपूस व्हावी लागते, हाही नियमच. परवाना देणाऱ्या खात्याकडून नामाकाऊ नावाच्या, लोझी जमातीच्या बाई आल्या होत्या, माझ्याच वयाच्या, साध्या चपला घातलेल्या. बाकं भरली होती. बेचाळीस कामगार आणि त्यांची घरची माणसं. परवाना गेला तर ह्या वसाहतीत दुसरं काम नाही, हे सगळ्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, लवकर सही करा, जेवण थंड होतंय!" सगळे हसले, नामाकाऊ बाईही हसल्या.

मग त्यांनी माझी वही उघडली.

"ह्या प्रांतात इतकी नेटकी वही मी पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "एक दिवस रिकामा नाही. अपघाताच्या दिवशीही अंतर साठच दिसतं. साठ असताना बांध खचायला नको होता."

"तेच तर आम्ही म्हणतो," हामालाम्बो साहेब उभे राहिले. "बांध चुकला नाही, माणूस चुकला. आणि ही त्याचीच बायको. एवढं दुःख झालं, पण हिची एक नोंद चुकली नाही. बाना मलामा, उभी राहा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कटोंगोने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. मी उभी राहिले. बोलायला तीच जागा होती, बाना कटोंगो, तीच वेळ होती, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी गुडघ्यात थोडी वाकले, आभार मानले आणि खाली बसले. तुमच्या भावाची चूक म्हणून टाळ्या वाजल्या आणि त्या मी घेतल्या.

सगळे जेवायला उठले तेव्हा नामाकाऊ बाई माझ्या बाकापाशी आल्या. वही त्यांच्या हातात होती, एका पानात बोट घातलेलं.

"तुमचे मालक तेरा डिसेंबरला गेले ना?"

"हो."

"दहाला पडले, तेराला गेले. मधे कुठे होते?"

"सरकारी इस्पितळात."

"आणि तुम्ही?"

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. पानावर अकरा, बारा, तेरा ह्या तिन्ही तारखांना साठ लिहिलेलं होतं, खाली माझी सही होती. मी त्या सोमवारी सकाळीच लिहून ठेवलेलं. नंतर ती पानं बदलायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

"कामावर होतात?" त्यांनी हळू विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पानातलं बोट काढलं. मग वही मिटली. "मी इथे जे लिहिलेलं आहे त्यावरच जाऊ शकते, बाई. तोंडी ऐकीव गोष्टींवर परवाना थांबत नाही. लिहिणारीने स्वतः लिहून दिलं तरच." जाता जाता म्हणाल्या, "माझं ऑफिस उद्या चारपर्यंत उघडं आहे. आणि पाऊस अजून महिनाभर आहे."

घरी येताना कटोंगो माझ्याबरोबर होता. परवाना मिळणार म्हणून तो खुशीत होता, तुमच्या घरावर पत्रे टाकायचे त्याचा हिशेब तोंडाने करत होता. लग्नानंतर बायकोला इथेच आणीन, म्हणाला. मी ऐकत होते. एकीकडे बेचाळीस घरं, त्यात तुमचं एक. दुसरीकडे बावीस सेंटिमीटर आणि त्यावर तुमचा मुलगा चालतो आहे. सांगितलं तर मी त्याच्या ताटातलं काढून घेणार, नाही सांगितलं तर उद्या-परवा तुमच्या दारात ट्रक घेऊन येणार, आणि तुम्ही पुन्हा विचारणार, तो तिथे काय करत होता. कुठल्याही बाजूने चालले तरी तुमच्याच अंगणात पोचत होते. टाळं लागल्यापासून लोक मला बघून दार लावतात. नळावर माझी बादली कुणीतरी मागे सरकवतं. ते बरोबरच आहे, त्यांची चूल मी विझवली आहे.

तुम्ही मला माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. तुम्ही तीनदा विचारलं होतंत, त्याचं उत्तर तुमच्याकडे असावं म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी मलामाला शाळेत पाठवलं आणि सव्वाआठची बस धरली. नामाकाऊ बाईंच्या टेबलाशी बसून नोव्हेंबरपासूनच्या प्रत्येक नोंदीसमोर, आकडा ठाऊक होता तिथे खरा आकडा लिहिला, नव्हता तिथे 'पाहिलं नाही' असं लिहिलं. दहा डिसेंबरसमोर मी अकरा लिहिलं. तो आकडा तुमच्या भावाने मला इस्पितळात सांगितला होता. मग प्रत्येक पानाखाली सही केली.

तुमच्या भावाची बायको,
एस्नात